मागच्या गेटवरचा जावई

माझं काम नक्की काय आहे हे मी बायकोला लग्नाआधीच समजावून सांगितलं होतं, आणि तिला ते कळलं असावं असा माझा बरेच दिवस समज होता. मग एकदा पेणच्या बाजारात तिच्या मैत्रिणीने माझ्याकडे बघत "हे काय करतात?" असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "हे केमिकलच्या कंपन्यांमध्ये चोरासारखे शिरतात आणि कसे शिरलो ते त्या कंपनीलाच लिहून देतात." मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, पण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही सापडेना. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

तसं बघायला गेलं तर तिचं बरोबरच आहे. कारखान्यात आग लागू नये, वायू गळू नये, हे बघणारी माणसं वेगळी असतात. आम्ही फक्त माणूस बघतो. नको तो माणूस नको त्या टाकीपर्यंत जाऊ शकतो का, गेलाच तर वाटेत त्याला कोणी हटकतं का, एवढाच आमचा प्रश्न. भिंत कुठे खचलीय, दिवा कुठे नाही, कॅमेरा कुठल्या झाडाच्या फांदीकडे बघत बसलाय, हे दिवसभर हिंडून टिपता येतं. मात्र शेवटी एक चाचणी असते. मॅनेजर सोडून कोणालाही न सांगता, पास न घेता, आपणच आत शिरून बघायचं. नियम असा की कोणी अडवेपर्यंत चालत राहायचं, आणि अडवलं की लगेच मॅनेजरला फोन लावून आपण कोण ते सांगायचं.

या चाचणीची मला मनापासून भीती वाटते. मुळात मी अडखळणारा माणूस. खोटं बोलायला लागलो की कान लाल होतात आणि ते लाल झालेत हे मलाच आधी कळतं. धरमतरला खाडीकाठच्या एका गोदामावर मी "मीटर बघायला आलोय" म्हणालो होतो. वॉचमनने "कंचा मीटर?" एवढंच विचारलं, आणि मी "सॉरी" म्हणून परत फिरलो. अहवालात त्या गोदामाची सुरक्षा उत्तम असल्याचं लिहिलं. ती उत्तम होती की मी वाईट होतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याचं काम आलं तेव्हा भात कापून झालं होतं आणि शेतांतून वाल पेरले होते. कारखाना मध्यम आकाराचा. पुढचं गेट वसाहतीच्या रस्त्यावर, मागचं गेट गावाच्या बाजूला. पुढच्या गेटवर सगळं कडक होतं. मोबाइल जमा, काडेपेटी जमा, पास गळ्यात. मागच्या गेटमधून मालाचे ट्रक आणि गावातून चालत येणारे कामगार ये-जा करायचे. चाचणी तिथेच करायची, असं मी ठरवलं. त्या दिवशी पेणहून मोटरसायकलवर निघालो. वाटेत निडीला चहा घेतला आणि घोटाघोटाला आपलं नाटक पाठ केलं. मी कॉम्प्रेसरच्या कंपनीकडून आलेला मेकॅनिक होतो, असं काहीतरी ते होतं.

त्या नाटकातलं एक वाक्यही मला बोलावं लागलं नाही.

गेटच्या आत एक म्हातारा वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. अंगात खाकी शर्ट, खाली घरची पँट. मी गाडी लावली, हेल्मेट काढलं, केस सारखे केले. तो उठून उभा राहिला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघू लागला. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबलो, कारण नाटकाची सुरुवातच आठवेना.

"निडीकडनं आलाव?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. निडीला चहा प्यायलो होतो, तेव्हा हे खोटं नव्हतं.

त्याचं तोंड असं काही फुललं की मला वाटलं मागे कोणी उभं आहे. मी वळून बघितलं. कोणी नव्हतं.

"मग भायेर काय उभं ऱ्हायलाव? या, या जावईबापू. सासऱ्यांनी कवाचं सांगून ठेवलंय मला. जावई येल तर मागल्या गेटनंच येल, घरी जायला लाजंल, त्याला दारातनं परत धाडू नको." आणि त्याने गेट पुरतं उघडलं. ट्रकसाठी उघडतात तसं.

आता मी काय करायला हवं होतं? नियम सांगतो, कोणी अडवेपर्यंत चालत राहा. पण कोणी इतक्या प्रेमाने ओढत नेलं तर काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी आत गेलो. टेबलावर नोंदवही उघडी होती, तिच्याकडे मी सवयीने बोट केलं. वॉचमनकाकांनी जीभ चावली.

"तुमची सही घ्यायची? जावयाची? गाव थुकंल माझ्या तोंडावर."

त्यांनी आपल्या डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर घातलं, गेट तसंच उघडं टाकलं आणि मला घेऊन निघाले. चालता चालता सगळी कहाणी सांगितली. सांगितली म्हणजे काय, मला ती माहीतच आहे असं धरून ते माझी समजूत घालत होते. त्यातून मला जुळवावं लागलं. कारखान्यात पॅकिंगला काम करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी निडीजवळच्या गावात दिलेली. नवराबायकोचं बिनसलं आणि ती माहेरी निघून आली. ती म्हणते, त्याने एकदा येऊन न्यावं, मी लगेच जाते. तो म्हणतो, आपणहून गेली, आपणहून येईल. भांडण मुळात कशावरून झालं ते आता दोन्हीकडे कोणाला धड आठवत नव्हतं. मधल्या कोणीतरी निरोप आणला होता की पोरगा नरमलाय, एखाद्या दिवशी कंपनीत येऊन सासऱ्यांना भेटेल. तेव्हापासून सासरे ड्युटीवर येताना रोज मागच्या गेटवर विचारायचे, "आलाता काय कोन?" आणि काका रोज नाही म्हणायचे. लग्नाच्या दिवशी काकांची ड्युटी होती, त्यामुळे नवरदेव त्यांनी पाहिलेला नव्हता.

"झालं गेलं सोडून द्या," ते मला म्हणाले. "पोर चांगली हाय. जरा तोंडानं फटकळ हाय, पण तुम्ही बी काय कमी नसाल."

"नाही, म्हणजे काका, मी..."

"लाजू नका वो."

आम्ही टाक्यांच्या बाजूने चाललो होतो. ज्या टाक्यांपर्यंत अनोळखी माणूस पोचता कामा नये म्हणून कंपनीने आम्हाला बोलावलं होतं, त्याच टाक्या. काका मला बोट दाखवून सांगत होते की इकडून चाला, तिकडे वास येतो, तुम्हाला सवय नाही. मी एका डोक्याने टिपत होतो की वाटेत भेटलेल्या तिघाचौघांपैकी कोणीही पास विचारला नाही, उलट मान लववली. दुसऱ्या डोक्याने विचार करत होतो की मी त्या मुलीशी नीट वागलो नाही, हे बरं झालं नाही. एवढा गोंधळ माझा आधी कधीच झाला नव्हता.

मग काकांनी सासऱ्यांच्या घरी फोन लावायला खिशातून मोबाइल काढला. आत मोबाइल न्यायला बंदी, पण त्यांच्या खिशात तो होता, आणि मी मनातल्या मनात हाही मुद्दा लिहून घेतला.

"अगो वैनी," ते ओरडून बोलले, "पाव्हणं आलं! व्हय, व्हय, माझ्या बाजूलाच हायत. जेवणाचं बघा."

इथे मी थांबायला हवं होतं. थांबलोही. पण काका पुढे गेले होते, आणि त्या टाक्यांपाशी एकटा उभा राहिलो असतो तर मी आणखीच संशयास्पद दिसलो असतो. म्हणून त्यांच्या मागे पळालो.

पॅकिंगच्या शेडमध्ये पांढऱ्या पावडरीच्या गोण्या शिवत होते. काकांनी दारातूनच हाक मारली. आतून एक उंच, किरकोळ माणूस तोंडावरचा मास्क गळ्यात ओढत आला. हात पँटला पुसत होता. एकदा पुसून झाले, परत पुसले. मी आयुष्यात कोणाला इतका हवा होतो असं मला आठवत नाही. माझ्या स्वतःच्या सासऱ्यांनाही नव्हतो. तो जवळ आला, उजेडात आला, आणि थबकला.

"हे नाय," तो म्हणाला.

"म्हंजे?" काका म्हणाले.

"हे नाय ते."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी खिशातून फोन काढला, कारण पुढच्या गेटने मी आलोच नव्हतो आणि फोन माझ्याकडेही होता, आणि मॅनेजरला बोलावलं. ते तीरासारखे आले. सगळं ऐकलं आणि टाळी द्यायला हात पुढे केला. "जबरदस्त! म्हणजे आपलं मागचं गेट उघडंच आहे म्हणायचं!" मी टाळी दिली की नाही ते आठवत नाही. काका आपलं हेल्मेट माझ्या डोक्यावरून काढून घ्यावं की नाही या विचारात उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांचा रागच आला. अहो, चूक तुमची, मग मला का असं वाटायला लावता?

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सासऱ्यांच्या घरून होता. पाव्हण्यांना तिखट चालतं का, असं वैनी विचारत होत्या. काकांनी फोन सासऱ्यांकडे दिला. सासऱ्यांनी फोन कानाला लावला, "चालतं" म्हणाले आणि बंद केला.

"कोंबडी कापली," ते मला म्हणाले. मी "अच्छा" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आता जेवणाची सुट्टी होल. घर हितंच हाय, बांधापलीकडं. तुम्ही चला."

"मी? नको हो. मी तर..."

"पाव्हण्यासाठी कापलेली कोंबडी घरच्यांनीच खायची? कोणाला घास उतरंल काय? पोर तर ताटावर बसायची नाय. तुम्ही आलाव तर निदान पाव्हणा तरी आला म्हणता येल."

मॅनेजर म्हणाले, "जा हो, आपलेच लोक आहेत," आणि हसत निघून गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. गेलो.

भिंतीपलीकडे वालाचं शेत, शेताच्या कडेला घर. दार उघडंच होतं. दारात एक बॅग ठेवलेली. चेन लावलेली, वर एक छत्री आडवी ठेवलेली, पावसाळा कधीच सरला होता तरी. बॅगेशेजारी ती उभी होती. साडी ठेवणीतली. वडिलांच्या मागून मी दिसलो तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, मग बराच वेळ रस्त्याकडे. तिने बॅग उचलली, आत नेली, आणि परत आली तेव्हा पाण्याचा तांब्या हातात होता.

मी आयत्या बिळावर नागोबा होऊन पाटावर बसलो. कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. चव उत्तम होती, आणि ती उत्तम आहे हे कळल्याचं मला फार वाईट वाटलं. तिची आई वाढत होती आणि मधूनच डोळ्यांना पदर लावत होती. सासरे खाली मान घालून जेवत होते. बोलली फक्त ती. भिंतीला टेकून उभी राहून तिने विचारलं, "तुम्ही कंपनीत काय करता मग?"

मी सांगितलं. बायकोने पेणच्या बाजारात सांगितलं होतं, तेच शब्द तोंडात आले. चोरासारखा शिरतो आणि कसा शिरलो ते लिहून देतो.

"आणि तुम्हाला कोनी अडवलं नाय?"

"नाही."

"त्याला बी कोनी अडवलं नसतं," ती म्हणाली. "कंपनीत नाय, हितं बी नाय. तरी येत नाय."

"गो, जेवूंदे त्यांना," आई म्हणाली.

निघताना सासरे बांधापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "वॉचमनचं नाव नका लिहू. मीच त्याला सांगून ठेवलं होतं. त्याचं बी शेत गेलंय कंपनीत, त्या बदल्यात ही खुर्ची मिळालीय. ती गेली तर त्याच्याकडं कायच नाय." मग म्हणाले, "शिमग्याला तरी येल. शिमग्याला जावई यायला पायजे."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली. "माझ्या माहेरी पाय ठेवायला तुम्हाला वेळ नसतो, आणि दुसऱ्याच्या सासरी कोंबडी खाऊन आलात!" मीही हसलो. मग ती म्हणाली, "तिने बॅग परत उघडली असेल का हो?"

अहवाल लिहायला बसलो आणि घोडं पेंड खायला लागलं. लिहायचं काय? बिनपासाचा माणूस टाक्यांपर्यंत पोचला, हे खरंच होतं. माझ्या जागी कोणी वाईट हेतूचा असता तर? वाईट हेतूचा माणूसही निडीला चहा पिऊ शकतो. टाक्यांच्या पलीकडेच गाव आहे, वाल आहेत, ते घर आहे. काही झालं असतं तर पहिला वारा त्याच घरावर गेला असता. तेव्हा गेट बंद व्हायलाच हवं. पण माझ्यासाठी ते उघडलं ते निष्काळजीपणाने नव्हे. उघडायचं असं त्यांनी एकमेकांत ठरवलं होतं. ते चुकीच्या माणसासाठी उघडलं, एवढंच. आता ही चूक गेटची, माझी, की त्या न येणाऱ्या पोराची? मी रागावून तीन वेळा लिहिलं आणि खोडलं. आमचे साहेब म्हणाले, "तू कादंबरी लिहितोयस का? शिफारशी लिही."

मी शिफारशी लिहिल्या. कोणाचंही नाव लिहिलं नाही. ओळख असो वा नसो, पासाशिवाय कोणालाही आत सोडू नये. मागच्या गेटवर आडवा दांडा आणि कॅमेरा बसवावा. पहारेकऱ्याने गेट सोडून जाऊ नये आणि जवळ मोबाइल बाळगू नये. कामगारांना भेटायला येणाऱ्यांनी शिफ्ट सुटेपर्यंत बाहेर थांबावं. सगळं वाचून बघितलं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

नाव न लिहून काही फायदा झाला नाही. मागच्या गेटवर त्या दिवशी कोण होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं. काकांना तंबी मिळाली की आता एक चूक झाली तर घरी बसायचं. हे मला मॅनेजरनेच फोनवर सांगितलं. वर म्हणाले, "काळजी करू नका, आता देव आला तरी आत सोडत नाहीत ते."

शिफारशी पाळल्या का ते बघायला आम्हाला परत जावं लागतं. ते जाणं शिमग्यात आलं. वाटेत पोरांनी रस्त्यावर दोरी धरून दोनदा अडवलं आणि पोस्त मागितलं. ते दिलं आणि पुढे गेलो.

मागचं गेट ओळखू येत नव्हतं. पिवळाकाळा दांडा, वर कॅमेरा, भिंतीवर मोठी पाटी. काका त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर, पण आता पँटही खाकी. मला बघून उठले. चेहऱ्यावर ओळखीची खूणसुद्धा नाही.

"पास?"

मी पास दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, माझ्या तोंडाशी फोटो ताडून बघितला, नोंदवहीत सही घेतली. सगळं मी लिहिलं होतं तसंच. मला बरं वाटायला हवं होतं. दांडा वर गेला, मी आत गेलो आणि त्यांच्या शेजारी उभा राहून कॅमेऱ्याचा कोन तपासू लागलो. मग विचारलं, "तो आला का हो? जावई?"

त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

दुपार कलली असेल. बाहेर एक मोटरसायकल येऊन थांबली. माझ्यापेक्षा तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, हँडलला मिठाईच्या पुड्याची पिशवी लटकवलेली. त्याने हेल्मेट काढलं, केस सारखे केले, एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबला. तो नाटक विसरला होता की काय, असं मला क्षणभर खरंच वाटलं.

"पॅकिंगला माझे सासरे हायत," तो म्हणाला. "भेटायचं होतं."

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पास?"

"पास नाय. त्यांना नुसतं सांगा, निडीवरनं जावई आलाय."

"मागल्या टायमाला बी निडीवरनंच जावई आलता," काका म्हणाले. नजर माझ्यावरच होती. "शिफ्ट सुटल्यावर या."

"तवर घरी जावा ना," असं ते पुढे म्हणाले असते तरी चाललं असतं. पण पोरगा आधीच बोलला, "घरी नाय जाणार. आधी त्यांच्याशी बोलायचंय. नाय तर ऱ्हाऊंदे." त्याचा चेहरा पडला, आणि पडलेला दिसू नये म्हणून त्याने हेल्मेट चढवलं.

काका दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. गेट सोडता येत नव्हतं. फोन जवळ नव्हता. वर कॅमेरा होता, आणि तो फांदीकडे नव्हे, नीट त्यांच्याकडेच बघत होता. मीच तसा लावून घेतला होता. आत निरोप न्यायचा तर मी नेऊ शकलो असतो, पण पॅकिंगची शेड पार दुसऱ्या टोकाला, आणि गाडीची किल्ली फिरलेली मला ऐकू आली.

"साहेब," काका हळू आवाजात म्हणाले, "हा खरा असंल तर?"

"असेल," मी म्हणालो.

"मग मी काय करू? तुम्हीच सांगा आता."

त्याला आत सोडा म्हणालो असतो तर त्यांची खुर्ची गेली असती. सोडू नका म्हणालो असतो तर पुढचं मला बघवलं नसतं. मी दांड्याखालून वाकून बाहेर गेलो, आणि वळत्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला.

"या ना, या," मी म्हणालो. "उन्हात का? सावलीत बसा. तुमचे सासरे सुटतीलच आता."

"तुम्ही कोन? कंपनीचे?"

"नाही."

"गावातले?"

"नाही."

"मग?"

माझे कान लाल झाले. या वेळी खोटं बोलायचं नव्हतं तरीही. "तुमच्यासाठी कापलेली कोंबडी मी खाल्ली," मी म्हणालो.

त्याने हेल्मेटची काच वर केली. वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मग मी सांगत सुटलो. उलटंसुलटं, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. गेट कसं उघडलं, हेल्मेट कोणाचं घातलं, तिखट चालतं का ते कोणी विचारलं, सासऱ्यांनी हात किती वेळा पुसले. बॅग दारात होती हेही सांगितलं.

"कुणाची बॅग?"

"तिची. भरलेली. वर छत्री ठेवली होती."

गाडी चालूच होती. तो पेट्रोलच्या काट्याकडे बघत राहिला. "ती काय बोलली?"

"म्हणाली, त्यालाही कोणी अडवलं नसतं. तरी येत नाही."

त्याने मान वर करून गेटकडे बघितलं. दांडा, पाटी, कॅमेरा. आणि आतल्या बाजूला काका. स्वतः गेटबाहेर पाऊल न टाकता ते आपली प्लास्टिकची खुर्ची दांड्याखालून पायाने आमच्याकडे सरकवत होते.

"आता अडवलं की," तो म्हणाला.

"ते माझ्यामुळे."

"मग शिफ्ट सुटल्यावर तुम्ही घरी चला माझ्यासंगती." त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली. "मला अडवलं होतं, तरी मी परत गेलो नाय, हे तिला कोनीतरी सांगाय पायजे."